वरचा कातळ, खालचा मळा

मी, श्रीमती सुचित्रा प्रकाश भाटवडेकर, वय अडुसष्ट पूर्ण, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचून झाल्यावर म्हातारीला भ्रम झाला होता असं म्हणणारं एक माणूस आमच्या घराण्यात आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. उलट, यातलं कलम नऊ लिहू नका म्हणून माझ्या वकिलीणबाईंनी दोनदा हात जोडले. इंग्रजी तर्जुमा त्यांनी केला आहे आणि इटलीतल्या जमिनीपुरता उतारा तिथल्या नोटरीकडे ठेवला आहे. तिन्हींत फरक आढळला तर मराठी खरं धरावं. शिव्या फक्त मराठीत नीट उतरल्या आहेत.

कलम १. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते २०१२ साली माझे धाकटे दीर श्री. निशिकांत भाटवडेकर यांनी टाइप करून आणलं होतं. त्यात शब्द त्यांचे होते आणि सही तेवढी माझी होती.

कलम २. क्वीन्सटाउनचा फ्लॅट माझी मुलगी गार्गी हिला. तिचं ऑफिस अलेक्झांड्राला, चालत पंधरा मिनिटांवर, तरी ती मला भेटायला रविवारीच येते. त्याबद्दल माझा राग नाही. म्हणजे आहे, पण मृत्युपत्रात घालण्याएवढा नाही. स्वयंपाकघरातला वाइनचा फ्रीज बंद करू नये. या हवेत बाटली बाहेर राहिली तर आठवड्यात आमटी होते.

कलम ३. दागिने आणि बँकेत जे काही असेल ते गार्गी आणि तिची मुलगी अवनी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. मोत्याची नथ अवनीला. ती घालणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तिने ती विकू नये.

कलम ४. माझे यजमान कै. प्रकाश यांची हत्यारांची लोखंडी पेटी लिदिया हिला द्यावी. लिदिया कोण, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

प्रकाश जहाजावर चीफ इंजिनियर होते. १९९८ साली त्यांचं जहाज इंजिन बिघडून इटलीत लिव्होर्नोच्या गोदीत अकरा आठवडे अडकलं. हा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वस्थ बसेल तर शपथ. भटकत भटकत एका टेकडीवर गेले, तिथे बेप्पे नावाचा म्हातारा बंद पडलेल्या पंपाला लाथा घालत होता. प्रकाशनी पंप चालू करून दिला. म्हाताऱ्याने मोबदला म्हणून जेवायला बसवलं आणि स्वतःच्या बागेतली तांबडी वाइन पुढे केली. तोवर आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलत. प्रकाशनी फोन करून मला सांगितलं, "सुचित्रा, मी आज दगड प्यायलो. चांगला लागतो गं!"

पुढे सहा वर्षांनी बेप्पे थकला, तेव्हा त्याने ती टेकडी आमच्या प्रकाशना आणि निशिकांतभावजींना, दोघा भावांना मिळून दिली. अट एकच घातली, की त्याची मुलगी लिदिया बाग बघेल. ती अजून बघते. पेटीतला बावीस नंबरचा पाना ढिला आहे, तो तिने फेकू नये. त्यानेच तो पंप सुरू झाला होता.

कलम ५. आता टेकडी. हे कलम अवनीने नीट वाचावं, किंवा कोणाकडून वाचून घ्यावं.

टेकडी एकच असली तरी जमिनी दोन आहेत. वरचा उतार म्हणजे नुसता कातळ. पापुद्र्यापापुद्र्यांचा करडा दगड, हातात घेतला की पापडासारखा मोडतो. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, म्हणून वेलीची मुळं पाण्याच्या शोधात भेगांतून खोल उतरतात. समुद्राचा वारा दिवसभर पानं कोरडी ठेवतो. उन्हात तापलेला दगड संध्याकाळी वेलींना ऊब देत राहतो. द्राक्षं येतात बारीक, जाड सालीची, आणि मोजकी. त्यांची वाइन पहिली काही वर्षं घशात टाचणीसारखी टोचते. मग कधीतरी उघडते आणि तिच्यात सुक्या चेरीचा, लोखंडाचा, पावसानंतरच्या फरशीचा वास येतो.

खालचा भाग ओढ्याकाठचा. काळी, चिकण, खोल माती. बूट घातला तर पाय निघतो आणि बूट राहतो. आम्ही त्याला मळा म्हणायचो. तिथे वेल नुसता पानोरा मिरवतो, द्राक्षं टपोरी येतात आणि त्यांत पाणीच जास्त असतं. सकाळचं धुकं तिथेच बसतं, बुरशीही तिथेच धरते. पण ती माती हिवाळ्याचं पाणी भर उन्हाळ्यापर्यंत पोटात धरून ठेवते. हे वाक्य ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

बेप्पेने दोन्हीकडची द्राक्षं कधी वेगळी केली नाहीत. एकाच पिंपात घालायचा. म्हणायचा, वरून हाडं येतात, खालून मांस. प्रकाशचंही तेच मत होतं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये, नळ्या लावलेल्या असताना त्यांनी मला सांगितलं, "टेकडी तोडू नका." शेजारी भावजी उभे होते. त्यांनी मानही डोलावली होती.

कलम ६. प्रकाश २०११ साली गेले. चौदाव्या दिवशी, गोडाच्या जेवणाची पानं अजून टेबलावर होती, श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सरकवून भावजींनी टेकडीचा नकाशा पसरला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकट्या बाईमाणूस. खालच्या जमिनीचा व्याप तुम्हाला झेपायचा नाही. ते ओझं मी घेतो. वरचा डोंगर तुम्हाला. काही बघायला नको, हवाही छान आहे."

मी सही केली. पेन त्यांनीच दिलं. टोपणसुद्धा त्यांनीच काढलं.

आता गंमत बघा. भाटवडेकर मूळचे संगमेश्वराकडचे. भाताची खाचरं खाली, पाण्याजवळ, आणि वर कातळ, जिथे गुरंसुद्धा नाइलाजाने जातात. घराण्यात वाटणी झाली की खालचं खाचर लबाडाला आणि वरचा कातळ गरिबाला, ही रीत त्यांच्या रक्तात भिनलेली. म्हणून इथे तुआसच्या कारखान्यांच्या भागात बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या, टाय लावून फिरणाऱ्या या शहाण्या गृहस्थाने इटलीत जाऊन खाचर निवडलं! भाताच्या डोक्याने द्राक्षं मोजली. अहो, आंब्याच्या डोक्याने तरी मोजायची होती. कातळावरचा हापूस कसा लागतो आणि पाण्याकाठचा कसा लागतो हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हाव सुटली की माणसाला स्वतःच्या परसातलाही आंबा आठवत नाही.

मला तरी कुठे काय कळत होतं? मला वाटलं, दगडधोंडे गळ्यात मारले. सहा महिने रडले. मग लिदियाने फोनवर मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "सिन्योरा, रडू नका. थांबा." मी थांबले. दर ऑक्टोबरला तिकडे जाऊन गुडघे धरून चढले, कात्री चालवायला शिकले, चव घ्यायला शिकले. पहिला घोट देवाला नमस्कार करून घेतला. सहाव्या वर्षी वरची वाइन उघडली तेव्हा इथल्या दोन हॉटेलांनी स्वतःहून मागितली. भावजींनी तोवर मळ्यात खतं ओतली, पाणी ओतलं आणि शेवटी रंगीत पाणीच काढलं.

कलम ७. माझी वरच्या उतारावर चढायची काठी माझ्या जाऊबाई सौ. निशिगंधा यांना. नकाशा पसरला होता त्या दिवशी त्या हात धुता धुता म्हणाल्या होत्या, "बरं झालं, वहिनींचा व्यायाम होईल." व्यायाम झाला. आता त्यांनी करावा.

कलम ८. मला फसवलं ते मी गिळलं. घराघरांत होतं. जे गिळलं गेलं नाही ते इथे लिहिते.

वरच्या वाइनचं नाव झाल्यावर भावजी आपल्या कॉन्डोतल्या पार्ट्यांत तीच बाटली उघडू लागले. पेला गरगर फिरवायचा, नाक आत खुपसायचं आणि चारचौघांत सांगायचं, "टेकडीचा चांगला भाग मी वहिनींसाठी सोडला. दादा गेले होते, म्हटलं त्यांना तरी आधार होऊ दे." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, हातात बटाटेवड्याची प्लेट असताना. सगळे त्यांच्याकडे काय मायेने बघत होते! आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नशीबवान आहात हो." मी हसले. ते हसू मला अजून दाताखाली येतं. चोरी करावी आणि वर तिचाच त्याग म्हणून सत्कार करून घ्यावा, याला माझ्याकडे क्षमा नाही. अवनी म्हणते, "आज्जी, लेट इट गो लाह. सो मेनी इयर्स ऑलरेडी." बाळा, वर्षं झाली म्हणून तर ती चीड मुरली आहे.

त्यानंतर त्यांनी नवीनच टूम काढली. दादांची इच्छा होती, टेकडी पुन्हा एक व्हावी. कोणाच्या नावावर? अर्थात त्यांच्या. वहिनी थकल्या, गार्गीला रस नाही, तेव्हा वरचा उतार त्यांना द्यावा. गार्गीलाही त्यांनी पटवलं होतं. ती मला म्हणाली, "आई, काका आहेत ते. देऊन टाक आणि मोकळी हो." म्हणजे मी डोळे मिटले की प्रकाशची टेकडी सबंधच्या सबंध त्या माणसाच्या खिशात जाणार होती. मला झोप लागेना ती यासाठी.

कलम ९. वकिलीणबाई, तुमचा विरोध नोंदवला आहे असं समजा.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिकडे पाऊसच पडला नाही. वरच्या कातळात वेलींची मुळं कितीही खोल गेली तरी खोलही काही नव्हतं. जुलैतच पानं वळली, द्राक्षांचे मनुके झाले. वरची वाइन आली जळकी, कडू, काढा प्यावा तशी. आणि खालच्या मळ्याने, ज्याच्या पोटात हिवाळ्याचं पाणी होतं, त्याने आयुष्यात पहिल्यांदा नीट द्राक्षं दिली. त्यात भावजींनी कंटाळून तीन वर्षं खत घालायचं सोडलं होतं, तेही पथ्यावर पडलं. लिदियाने दोन बाटल्या पाठवल्या, एकीवर खडूने "वरची" आणि दुसरीवर "खालची". हे दोन मराठी शब्द तिला मीच गिरवायला शिकवले होते. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून दोन्ही चाखल्या. मग खडू पुसून, जागा बदलून, पुन्हा चाखल्या. सहा वेळा. शंकेला जागा नव्हती. आमच्या टेकडीवरून आजवर आलेली सगळ्यात सुंदर वाइन त्या चोराच्या जमिनीतून आली होती. मला इतका संताप आला की भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

यंदा फेब्रुवारीत भावजींची साठीशांत झाली. कॉन्डोच्या हॉलमध्ये होम, मग जेवण, ऐंशी पानं. त्यांना लिदियाकडून एवढंच कळलं होतं की २०२२ साली मळ्याचं पीक बरं आलं; वाइन त्यांनी अजून चाखलीही नव्हती. त्यामुळे अंगात आलं. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "आज निकाल लागू दे. वहिनींनी २०२२ च्या दोन्ही वाइन आणल्यात. न बघता चाखतो. माझी मळ्याची सरस ठरली तर टेकडी माझ्याकडे एक होईल. वरची सरस ठरली तर मळा वहिनींना, उद्याच्या उद्या. ऐका हो सगळे, निशिकांत भाटवडेकर शब्द देतोय!" गार्गी माझ्याकडे बघून मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. मी हो म्हटलं.

आतल्या खोलीत जाऊन मी पाण्याच्या दोन काचेच्या जगांत दोन बाटल्या ओतल्या. कोणत्या जगात काय, हे फक्त मला माहीत. बाहेर येऊन दोन पेले त्यांच्यापुढे ठेवले. हा माणूस खरं बोलला तर सगळं जाणार होतं आणि त्यात माझा आवाजही निघाला नसता.

डावा पेला त्यांनी चाखला. थांबले. उजवा चाखला, तोंड वाकडं केलं. पुन्हा डावा घेतला, डोळे मिटले. प्रकाश चाखायचे तेव्हा असेच दिसायचे, हे मला तेव्हाच दिसलं आणि नको होतं दिसायला. मग डोळे उघडले. चेहरा पडला होता. म्हणाले, "ही. ही कितीतरी सरस आहे. हा वरचा कातळच. वहिनी, हरलो मी."

डाव्या पेल्यात मळा होता.

जन्मात पहिल्यांदा हा माणूस भर सभेत मनापासून खरं बोलला आणि नेमका तिथेच चुकला. वर्षानुवर्षं पार्ट्यांतून दगड, दगड, वरचा उतार, असं लोकांना शिकवता शिकवता स्वतःच्या मळ्यात काही चांगलं होऊ शकतं यावरचा विश्वासच त्यांनी गमावला होता. चौदा वर्षांपूर्वी कातळ टाकाऊ म्हणून चुकले. त्या दिवशी मळा टाकाऊ म्हणून चुकले.

मी एकच शब्द बोलले. "हो." सबंध खोटं त्यांनी स्वतःच सांगितलं, मी फक्त दुजोरा दिला. टाळ्या पडल्या. उजवा पेला त्यांनी फुलझाडाच्या कुंडीत ओतला, आपली वाइन समजून. ती माझी होती. पंधरा दिवसांत मळ्याचे कागद झाले. पेन मी दिलं. टोपण मीच काढलं.

वकिलीणबाई म्हणतात, यावर ते दावा लावू शकतात. जरूर लावावा. कोर्टात उभं राहून त्यांनी सांगावं की स्वतःच्या जमिनीची वाइन स्वतःच्या जिभेवर असताना ती ओळखता आली नाही. हॉल भरेल.

कलम १०. टेकडी आता अखंड आहे आणि ती अखंडच अवनीला देत आहे. लिदियाने हयात असेपर्यंत ती कसावी, तिच्या शब्दापुढे अवनीने जाऊ नये. वरची आणि खालची द्राक्षं यापुढे एकाच पिंपात जातील, बेप्पे घालायचा तशी. पावसाच्या साली कातळ सांभाळेल, दुष्काळाच्या साली मळा. टेकडीची वाटणी करण्याचा विचारही कोणी कागदावर आणला तर त्याच दिवशी सगळी टेकडी लिदियाची होईल. निशिकांत भाटवडेकर, त्यांची पत्नी किंवा वंशज यांना तिचा एक दगडही विकू नये, भाड्याने देऊ नये, बक्षीस देऊ नये.

गार्गी, तुला टेकडी दिली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू ती देऊन टाकायला निघाली होतीस.

कलम ११. प्रकाशच्या रक्षेचा डबा अजून देवघराखालच्या कपाटात आहे. पुलाउ उबीन बेटावर नेणाऱ्या छोट्या बमबोटीतून जाताना त्यातली चिमूटभर समुद्रात सोडली, बाकी मला सोडवेना. ती वरच्या कातळात ठेवावी. माझी मात्र खालच्या मळ्यात मिसळावी. कातळ काही धरून ठेवत नाही, मळ्याची माती सगळं धरून ठेवते, आणि माझा स्वभाव तसाच आहे. भावजींना यापुढे कधी ती वाइन प्यावीशी वाटली तर त्यात मी असेन.

कलम १२. माझे दीर श्री. निशिकांत भाटवडेकर यांना फक्त एक बाटली, २०२२ सालची, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातली. तिच्यावर लेबल नाही, खडूने एक शब्द लिहिला आहे. हे मृत्युपत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावं. ते उठून जाऊ लागले तर जाऊ द्यावं, पण कलम नऊपर्यंत ते उठणार नाहीत. तेवढी उत्सुकता त्यांच्यात आहे.

मी हे सर्व वाचून, समजून, एकाही ओळीचा पश्चात्ताप न होता सही करत आहे. एक ओळ सोडून. ते डोळे मिटून प्रकाशसारखे दिसले, ती मी खोडणार होते. राहू दे. खरी आहे.

(सही) सुचित्रा प्रकाश भाटवडेकर

आम्ही दोघांनी सुचित्राताईंना आमच्यासमोर सही करताना पाहिलं. मजकूर वाचला नाही. त्या मध्येच दोनदा हसल्या, एवढं खरं.

साक्षीदार १. (सही) श्रीराम केळशीकर, शेजारी
साक्षीदार २. (सही) अनुजा केळशीकर, शेजारी

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१४ नोव्हेंबर २०२५

ताजा कलम, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: कलम बारामधला क्रम बदलते. बाटलीवरचा खडू गार्गीने आधी पुसावा, बाटली आधी उघडावी, मृत्युपत्र मागून वाचावं. पहिला पेला संपेपर्यंत कोणी काही बोलू नये. ते म्हणतील, "वहिनींचा कातळ, काय सुंदर आहे." म्हणू द्यावं. मग वाचायला घ्यावं.

(सही) सु. प्र. भाटवडेकर
(सही) श्रीराम केळशीकर
(सही) अनुजा केळशीकर